तुम्ही विचारलंत म्हणून: सीरियलमध्ये भरपूर मिळत असेल ना?

लग्नाची पंगत असो, लिफ्ट असो की बँकेतली रांग, हा प्रश्न मला हमखास येतो. मी मालिकांमध्ये आत्या, मावशी, शेजारच्या काकू करते. चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही, अशातली. विचारणाऱ्याला खरं तर आकडा हवा असतो. तो मी नवऱ्यालाही धड सांगितलेला नाही. हिशोब कसा चालतो ते मात्र सांगते.

आम्हाला पगार नसतो, 'पर डे' असतो. बोलावलं त्या दिवसाचे पैसे. बारा तासांच्या शिफ्टमध्ये एक सीन लागो नाहीतर आठ, दिवस तेवढाच. मुख्य जोडीला करारात बहुधा महिन्याला ठरावीक दिवसांची हमी मिळते, त्या बदल्यात दुसरी मालिका करायची नाही. आमचे दिवस ठरतात ट्रॅकवर, म्हणजे गोष्ट सध्या कोणाभोवती फिरतेय त्यावर. आत्याचे दागिने हरवले की महिनाभर रोज कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, येतो. नायिकेचं बाळ पळवलं गेलं की आत्या काशीयात्रेला. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, ते पडलेले असले की लेखकाला फोन जातो. मग आत्या परत येणार की काशीतच राहणार, हे आम्हाला ईपीच्या, म्हणजे कार्यकारी निर्मात्याच्या, मेसेजवरून कळतं.

आणि पैसे कशाचे मिळतात? जेवणाच्या टेबलाचा सीन घ्या. आठ माणसं, संवाद सासू-सुनेचे, मी फक्त घास हातात धरून थबकायचं. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, मग एकेकाच्या चेहऱ्याचे क्लोज. आधीच्या शॉटशी सगळं जुळतंय ना हे बघणारा कंटिन्युइटीचा मुलगा येऊन बजावतो, "ताई, पोळी अर्धी तुटलेली होती." माझा नंबर शेवटचा. तोवर बटाट्याची भाजी गारढोण, सासू साडी बदलायला मेकअप रूममध्ये. तिची वाक्यं असिस्टंट पोरगा वाणसामानाची यादी वाचावी तशी वाचतो, आणि त्याच्या कानाच्या पाळीकडे बघत मी हादरायचं. नाटकातल्या मैत्रिणी याला अभिनय म्हणत नाहीत. न म्हणोत. समोर कोणी नसताना हादरणं त्यांनी एकदा करून बघावं.

'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. तेवढ्या काळात माणसाचे घराचे निम्मे हप्ते फिटतात. आता वर्ष पुरं झालं तर केक कापतात, काही मालिका सहा महिन्यांत गुंडाळतात. त्यामुळे नवी मालिका मिळाली की अभिनंदन घ्यायचं आणि फ्रीज बदलायचा बेत पुढे ढकलायचा.

आता ज्याचा आम्ही सगळे उद्धार करतो ते नव्वद दिवस. महिनाअखेरीला बिल द्यायचं, पैसे नव्वद दिवसांनी, दहा टक्के टीडीएस कापून. मार्चमध्ये रडलेल्याचे जूनअखेरीस. एका मालिकेचं शेवटचं बिल तर मालिका लोक विसरून गेल्यावर आलं.

पण २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग बंद पडलं तेव्हा याच उधारीने आम्हाला तारलं. काम शून्य, तरी मार्चअखेर डिसेंबरचं बिल आलं, एप्रिलअखेर जानेवारीचं, मग फेब्रुवारीचं. जूनअखेरीस मार्चचं, अर्ध्या महिन्याचं. पुढे जुलैत आमचा सेट सुरू झाला, पण ६५ वर्षांवरच्यांना सेटवर बंदी होती. आमच्या मालिकेतली आजी घरी बसली, तिच्या वाटणीची वाक्यं माझ्याकडे आली. म्हणजे माझे दिवस वाढले ते तिच्या दिवसांतून. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि ती परत आली, सॅनिटायझरची मोठी बाटली घेऊन.

१३ जुलैपासून नवे भाग दिसायला लागले. सोसायटीतले लोक गच्चीवरून ओरडून म्हणाले, "चला, सुरू झालं तुमचं!" माझ्यासाठी खरे कोरडे महिने तेव्हा सुरू झाले. एप्रिल, मे, जूनला काम नव्हतं, म्हणजे बिलंही नव्हती; त्यामुळे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर खात्यात काही जमा व्हायचं नव्हतं. रोज टीव्हीवर मात्र मी होते, पैठणी नेसून.