भागाकार चुकला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या अर्थशास्त्र विभागाच्या प्रकल्पासाठी मी कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्यात दिवसभर बसलो होतो. दुचाकी चोरीच्या जुन्या फिर्यादी वाचायच्या, घटनास्थळ नकाशावर टिपायचं आणि आकड्याला त्या प्रभागाच्या लोकसंख्येनं भागायचं. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी सरकारी संस्था, एनसीआरबीसुद्धा दर लाख लोकसंख्येमागेच गुन्हे मोजते, मग मी कशाला वेगळं करू? दुपारपर्यंत अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडचा पट्टा लालभडक झाला, उपनगरं फिकट राहिली. 'जुन्या पेठांत गुन्हेगारी जास्त' असं वाक्यही वहीत लिहून झालं.

हवालदार चहा घेऊन आले. लॅपटॉपकडं बघून म्हणाले, "सर, हितं ऱ्हाणारी किती आन् येणारी किती? गाड्या लावत्यात ती गिऱ्हाइकं, न्हायतर अंबाबाईला आल्याली माणसं. भागायचं तर गाड्यांनी भागा की!"

वाक्य खोडलं. अंशात आख्ख्या जिल्ह्यातून आलेल्यांच्या चोरीला गेलेल्या गाड्या आणि छेदात फक्त पेठेतले रहिवासी. वर्गात हेच शिकवतो म्हणून जास्त लाज वाटली.

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९६८ साली मांडलं की गुन्हा करणाराही हिशोब करतो: हाती काय लागेल, सापडण्याची शक्यता किती, शिक्षा किती, सरळ कामाला मजुरी किती. बाजारपेठेला हे चपखल बसतं. पण माझ्यासमोर दोन पार्किंग होती, गर्दी सारखीच. एकाच्या फिर्यादींची चळत, दुसऱ्याच्या दोन-तीन. इथं बेकर अडला.

"एकाच गल्लीतली पोरं हुती," हवालदार म्हणाले. "पयल्यानं नेली, पचली. मग दुसरा. किल्ली एकच, घासून घासून गुळगुळीत झाल्याली. आन् गाडी घेणारा ठरल्याला."

ग्लेझर, सॅसरडोट आणि शाइंकमन या अर्थतज्ज्ञांनी १९९६ साली अमेरिकेच्या आकडेवारीवरून हेच दाखवलं होतं. शहराशहरांतला फरक नुसत्या आर्थिक परिस्थितीनं उलगडत नाही, एकाचं बघून दुसरा करतो. किरकोळ चोऱ्या आणि वाहनचोरीत हा परिणाम सर्वात मोठा, खुनात अगदी कमी. त्यांना किचकट गणित लागलं, हवालदारांना चहा संपायच्या आत जमलं.

प्रश्न उरला छेदाचा. रस्त्यावर लागलेल्या गाड्या कोण मोजून ठेवतो? मुलांना घेऊन मीच मोजायला जायचं ठरवलं. निघताना हवालदारांना विचारलं, कुठल्या वारी जाऊ?

"मंगळवार-शुक्कुरवार नको, देवीची गर्दी असती," ते म्हणाले आणि जिन्यात थांबले. "न्हाई, त्याच दिवशी जावा. चोरबी तवाच येत्यात."