भरलेली मोटर: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

“एकदा भरलेली मोटर पहिल्यासारखी राहत नाही.” भरणं म्हणजे जळलेली वाइंडिंग, आतल्या तांब्याच्या तारांची गुंडाळी, काढून नवी घालणं. आमच्या दारात हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच नाही. ते खोटं आहे. २००३ मध्ये ईएएसए आणि एईएमटी या मोटर दुरुस्तीवाल्यांच्या संघटनांनी चांगल्या मोटरींची वाइंडिंग मुद्दाम काढली, पुन्हा भरली आणि आधीची व नंतरची कार्यक्षमता मोजून पाहिली. नीट पद्धतीने भरली तर कार्यक्षमता टिकते, असाच निष्कर्ष निघाला. आमचं सगळं आयुष्य त्या ‘नीट’ या शब्दात गेलं आहे.

सुरुवात घराच्या पुढच्या खोलीत, दोघांच्या भागीदारीत झाली. हाताने फिरवायचं कॉइल मशीन, त्यावर टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजणारा काउंटर, लाकडी फॉर्मे, इन्सुलेशन तपासणारा ५०० व्होल्टचा मेगर, एक मायक्रोमीटर आणि फायबरच्या चार पट्ट्या. तार स्लॉटमध्ये, म्हणजे कॉइल बसते त्या खाचेत, दाबायला लोखंडी पट्टी कधीच वापरली नाही. तारेवरच्या एनॅमलला, म्हणजे तिच्या इन्सुलेशनच्या लेपाला, ओरखडा पडतो आणि तो दिसत नाही. स्लॉटचे पेपर घरातच कापले जायचे, आजही जातात. माझ्या पत्नीइतका सरळ पेपर कोणी कापत नाही. कोअरच्या, म्हणजे स्लॉट असलेल्या लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्याच्या, लांबीपेक्षा दोन्ही बाजूंना ८ ते १० मिलिमीटर जास्त, टोकं दुमडलेली. दुमड विसरली की कॉइल ठोकून बसवताना पेपर नेमका स्लॉटच्या तोंडाशी फाटतो आणि मोटर तिथेच बॉडीला लागते, म्हणजे करंट बॉडीत उतरतो.

आमच्या भागीदारांनी पहिल्या दिवसापासून एक नियम लावला: छिन्नी उचलायच्या आधी वही भरायची. नेमप्लेट, स्लॉट, कोअरची लांबी, आतला व्यास, पिच (कॉइल किती स्लॉटवर पसरते), टर्न, गेज (तारेच्या जाडीचा नंबर), किती तारा एकत्र, जोडणी, लीड कोणत्या बाजूला, कॉइलचं डोकं कोअरच्या किती बाहेर, आणि उतरलेल्या तांब्याचं वजन. मी तेव्हा याला वेळकाढूपणा म्हणायचो. त्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांचे उपकार आम्ही आजही मानतो.

वहीतली एक नोंद इथे देतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साडेसात अश्वशक्ती, ४ पोल, ३६ स्लॉट, १८ कॉइल, तीन-तीनचे ६ गट, पिच ८-१०-१२, टर्न ४४, २१ गेजच्या दोन तारा एकत्र, डेल्टा (तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेले). ही सॉ मिलवाल्या काकांची मोटर. आमची पहिली मोठी मोटर तीच आणि सगळ्यात जुने गिऱ्हाईकही तेच. भुसा पंख्याच्या जाळीत आणि बॉडीच्या पाकळ्यांत घट्ट बसतो, हवा लागत नाही, मोटर तापते. वाइंडिंग नेहमीच्या तापमानापेक्षा १० अंश जास्त तापत राहिली तर इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. काकांना हे एकदाच सांगावं लागलं. तेव्हापासून आठवड्याला जाळी साफ होते.

मग एका दिवसात मोटर भरून देणारे वर्कशॉप सुरू झाले.

ते काय करायचे, हे त्यांच्या हातून आमच्याकडे आलेल्या मोटरींनीच सांगितलं. जुनी वाइंडिंग काढायला ते स्टेटर, म्हणजे मोटरचा वाइंडिंग असलेला न फिरणारा भाग, उघड्या जाळावर ठेवायचे. तांबं झटकन सुटतं, पण कोअरच्या पत्र्यांवरचा इन्सुलेशनचा थरही जळतो. पत्रे एकमेकांना चिकटले की कोअरमध्येच भोवरा प्रवाह फिरतो, आणि मग वाइंडिंग कितीही चांगली भरा, मोटर तापणारच. आम्ही एका बाजूची डोकी छिन्नीने कापतो, स्टेटर ओव्हनमध्ये ठेवतो, कोअर ३६० अंशांच्या वर जाऊ देत नाही आणि दुसऱ्या बाजूने तारा ओढतो. याला रात्र लागते. जळक्या कोअरची शंका असेल तर आतून केबलचे वेढे घेऊन रिंग टेस्ट करावी. दहा-पंधरा मिनिटांनी पुरवठा बंद करून दातांवरून हात फिरवला की बिघडलेली जागा चटका देते.

लोकांना हे दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं की तिकडे एक दिवस लागतो आणि आमच्याकडे चार. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मोटर बंद म्हणजे धंदा बंद, त्यामुळे गिऱ्हाइकांवर आमचा राग नाही. राग वेगळ्या गोष्टीचा आहे. आम्ही प्रत्येक मोटरच्या पायावर पंचने जॉब नंबर उठवायचो. आमची जुनी मोटर तिकडे भरली गेली तरी नंबर आमचाच राहायचा. जळली की तिकडे सांगितलं जायचं, “नंबर बघा कोणाचा आहे.” आणि माणसं मोटर घेऊन आमच्या दारात यायची.

नेमकं त्याच काळात आमच्या ओव्हनने दगा दिला, आणि इथे चूक आमची होती. वार्निशची आमची पद्धत अशी: मोटर ११० अंशांवर दोन-तीन तास सुकवायची, कोमट असतानाच वार्निशमध्ये बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत आत ठेवायची, निथळू द्यायची आणि १३५ अंशांवर ८ तास भाजायची. ओव्हनमधला तापमान मोजणारा थर्मोकपल क्लिपमधून सुटून हीटरच्या नळीजवळ टेकला होता. तो हीटरचं तापमान दाखवत होता. डायलवर १३५, आणि मधल्या रॅकवर नंतर मोजलं तर ९५. वार्निशला वरून कडक साय धरली, स्लॉटच्या आत मात्र ते चिकट राहिलं. तारा आत सैल राहिल्या, प्रत्येक सुरुवातीला थरथरल्या, एकमेकींवर घासल्या आणि टर्न शॉर्ट झाल्या. मेगरने हे पकडलं नाही, कारण मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन मोजतो. टर्न-टर्नमधलं त्याला कळत नाही.

काही आठवड्यांत २३ मोटरी परत आल्या. दुसऱ्यांच्या दुकानात नोकरी धरण्याचं बोलणं घरात सुरू झालं. भागीदारांनी मात्र प्रत्येक मोटर उघडून वहीशी ताडायला घेतली. प्रत्येक जळक्या वाइंडिंगचा एक गट कापायचा, टर्न मोजायचे, एनॅमल खरवडून तारेला मायक्रोमीटर लावायचा. १४ मोटरी आमच्याच होत्या. स्लॉटमधून तार ओढली की वार्निशचे धागे निघत होते. त्या सगळ्या आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा भरून दिल्या. उरलेल्या ९ मोटरींवर नंबर आमचा होता, वाइंडिंग आमची नव्हती.

त्या ९ मध्ये काकांची मोटर होती. घाईच्या दिवसांत ते एकदाच तिकडे गेले होते. वहीत टर्न ४४, आत निघाले ३८. वहीत २१ गेजची जोडी, आत २२ ची. टर्न ४४ चे ३८ केले की फ्लक्स, म्हणजे कोअरमधलं चुंबकत्व, जवळपास १६ टक्के वाढतो, कोअर संपृक्त होतो आणि मोटर लोड नसतानाच घुमायला लागते. तिचा बिनलोडचा करंट साडेचार अँपिअरच्या आसपास असायचा, तो ७ वर गेला होता. त्यात २१ ऐवजी २२ गेज म्हणजे तारांच्या जोडीचा छेद १.०४ चौरस मिलिमीटरवरून ०.७९ वर, आणि प्रत्येक मीटरचा रोध ३० टक्क्यांनी जास्त. ही मोटर जळणारच होती. आमच्याकडे वही नसती तर आम्हीही ३८ मोजून ३८ च भरले असते. चुकीची वाइंडिंग एकदा आत गेली की पुढचा प्रत्येक कारागीर तीच नकलतो.

काकांनी वहीचं ते पान समोर ठेवून वाचलं आणि इतर गिऱ्हाइकांना स्वतः बोलावून दाखवलं. वर्कशॉप तिथून वाचलं. त्यानंतरची बरीच वर्षं कामाची आणि समाधानाची गेली. मोठी जागा झाली, टर्न-टर्नमधला शॉर्ट पकडणारा सर्ज टेस्टर आला, मुलगा हाताशी आला.

आता मोटर वापरणाऱ्यांसाठी थोडं. जळलेली मोटर धुऊन, पुसून, उघडून आणू नका. वाइंडिंगचा रंग बघून कारण कळतं. स्टार जोडणीत (तिन्ही फेजचं एक-एक टोक एकत्र जोडलेलं) दोन फेजचे गट काळे आणि तिसरा शाबूत, किंवा डेल्टात एकाच फेजचे गट काळे, म्हणजे पुरवठ्याचा एक फेज गेला होता. सगळीकडे सारखं काळं म्हणजे जास्त लोड, कमी व्होल्टेज किंवा बंद पडलेला पंखा. एकच कॉइल जळलेली असेल तर टर्न शॉर्ट. कारण दुरुस्त न करता भरलेली मोटर पुन्हा जळते आणि नाव भरणाऱ्याचं खराब होतं. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग, बहुधा मोटरच्या फेजमध्ये असतो, तेव्हा तो नेमप्लेटच्या ०.५८ पटीवर लावायचा. ११ अँपिअरच्या मोटरला ६.४. पुष्कळ जण ११ वरच ठेवतात, आणि मग रिले असून नसल्यासारखा.

भरणाऱ्यांनाही एक सांगतो. २१ ची जोडी मिळाली नाही म्हणून २२ ची जोडी टाकू नका. २० ची एक आणि २२ ची एक घ्या, छेद १.०५ होतो. बेअरिंग बाहेरच्या रिंगवर ठोकून शाफ्टवर चढवू नका, गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात. ११० अंशांपर्यंत गरम करा, आपोआप सरकतं. ग्रीस रिकाम्या जागेच्या तिसरा हिस्सा ते निम्मं. त्याहून जास्त भरलं तर बेअरिंग ग्रीस घुसळूनच तापतं.

भागीदार आता थकले आहेत, पण नवी वही सुरू करायची असली की पहिलं पान त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेतो. ओव्हनमध्ये आता दोन थर्मोकपल आहेत, एक भिंतीला आणि दुसरा रॅकवरच्या स्टेटरच्या कोअरला टेकवलेला. ८ तास मोजायला सुरुवात होते ती दुसऱ्याने १३५ दाखवल्यावर. बॉडीवर नंबर पंच करणं आम्ही थांबवलं. नंबर लिहिलेली सुती पट्टी कॉइलच्या डोक्यावर, बांधणीच्या दोऱ्याखाली, वार्निशच्या आधी बसवतो. भाजून निघाल्यावर ती वाइंडिंगचाच भाग होते. वाइंडिंग काढली की नंबरही तिच्याबरोबर जातो.