दुखत असताना पळायचं की थांबायचं?

पन्नाशी ओलांडलेलं कुणीही पळणारं, बॅडमिंटन खेळणारं किंवा दर रविवारी सिंहगड चढणारं माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. टाच दुखतेय, पोटरी धरते, मुरगळलेला घोटा अजून पूर्ण बरा नाही, तर पळणं चालू ठेवू की पूर्ण बंद करू? विचारलंतच आहे, तर जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक दुखण्यांचं उत्तर या दोन्हींत नाही. पळणं एवढं कमी करायचं की दुखणं आटोक्यात राहील, आणि जी जागा दुखते तिलाच मोजून-मापून ताकदीचा व्यायाम द्यायचा. पूर्ण विश्रांतीत दुखणं थांबतं हे खरं, पण त्याच सहा आठवड्यांत पोटरी बारीक होते आणि टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, आणखी कमकुवत होते. पंचविशीत गेलेली ताकद पटकन भरून येते, पन्नाशीनंतर तिला वेळ लागतो. मग ‘आता काही दुखत नाही’ म्हणून माणूस पहिल्याच रविवारी जुने दहा किलोमीटर पळतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा तिथेच येतो. वर्षानुवर्षं हाच फेरा चाललेला असतो आणि दोष वयाला दिला जातो.

मात्र काही दुखण्यांत थांबायचंच असतं, तेही त्याच दिवशी. ती आधी.

बॅडमिंटन खेळताना किंवा अचानक धावत सुटताना मागून कुणीतरी पोटरीखाली लाथ मारल्यासारखं वाटतं, वळून बघावं तर मागे कुणीच नसतं. हे अकिलीस तुटल्याचं लक्षण समजा. फसगत होते ती अशी की यानंतरही माणूस लंगडत चालू शकतो आणि पाऊल थोडंफार खाली दाबूही शकतो, कारण बोटांकडे जाणारे दुसरे स्नायू ते काम करतात. म्हणून ‘लचक भरली’ समजून मालिश सुरू होतं आणि महत्त्वाचे दिवस वाया जातात. तपासायची रीत सोपी आहे. पालथं झोपायचं, पावलं पलंगाच्या कडेबाहेर सैल सोडायची आणि दुसऱ्या कुणीतरी पोटरीचा जाड भाग मुठीत धरून दाबायचा. चांगल्या पायाचं पाऊल लगेच खाली झुकतं. दुखऱ्या पायाचं जागचं हललं नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. तिथे पोहोचेपर्यंत चवडा खाली झुकलेला ठेवायचा आणि त्या पायावर भार द्यायचा नाही. शस्त्रक्रिया करायची की खास बुटात पाऊल झुकवून ठेवायचं, हे डॉक्टर ठरवतील. दोन्ही मार्गांनी पाय चांगला होतो, पण उपचार लवकर सुरू झाले तर.

घोटा मुरगळला तर एक्स-रे कधी काढायचा, यासाठी कॅनडातल्या ऑटावामध्ये १९९२ साली नियम बनवले गेले आणि आज ते जगभर वापरतात. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं बोटाने दाबून पाहा. त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेच्या खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये हाडच दुखत असेल तरीही काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो, तिथे आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावरही दाबून बघायचं. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेली असेल तर ‘फारसं दुखत नाही’ यावर विसंबू नका, सरळ एक्स-रे काढा.

नडगीच्या हाडावर किंवा पावलाच्या मधल्या हाडांवर एका बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी दुखत असेल, पळताना ते वाढत जात असेल आणि पुढे रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची. इथे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो आणि माणूस निर्धास्त होऊन पळत राहतो. एमआरआयमध्ये चीर लवकर दिसते. पाळी गेलेल्या बायकांनी अशा वेळी हाडांची घनताही तपासून घ्यावी आणि ड जीवनसत्त्वाची पातळीही. आणखी एक गोष्ट. लांबच्या बस किंवा विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते, तर तिला हातही लावू न देता डॉपलर तपासणी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा, कारण रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते. सोबत धाप लागत असेल तर थेट इस्पितळात जायचं.

यातलं काहीच नसेल, तर पुढचं तुमच्या हातात आहे.

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. पळताना तीनपर्यंत चालेल. शिरेचे व्यायाम करताना चार-पाचपर्यंतही चालेल, पण एका अटीवर: दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नसावं. खरा निकाल सकाळीच कळतो. पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं कशी पडली, त्याचे गुण रोज वहीत लिहा. तीन आठवड्यांत चढ-उतार स्पष्ट दिसतो. गुण वाढले तर आदल्या दिवशी जे जास्त केलं ते कमी करा, सगळं बंद करू नका. लंगडायला लागलात किंवा सूज दिसली तर मात्र त्या दिवशीचं पळणं तिथेच थांबवायचं.

अकिलीसबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण या वयात सर्वात जास्त छळते तीच. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट भार येतो. दुखतं नेमकं कुठे हे आधी चिमटीत धरून बघा. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर दुखत असेल तर एक प्रकार, आणि शीर हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर दुसरा. व्यायाम जवळपास सारखा आहे, पण एका गोष्टीत उलटा आहे आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं.

पहिल्या प्रकारात जिन्याच्या पायरीवर उभं राहायचं. फक्त चवडे पायरीवर, टाचा बाहेर, हाताची दोन बोटं कठड्यावर, तीही तोल जाऊ नये एवढ्यापुरती. तीन सेकंदांत टाचा वर, वर क्षणभर थांबायचं, तीन सेकंदांत पायरीच्या पातळीखाली. पंधरा-पंधराचे तीन फेरे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. दोन पायांवर सोपं जायला लागलं की एका पायावर. तेही जमलं की पाठीवर सॅक आणि तिच्यात दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, म्हणजे एका बाटलीमागे दोन किलो वाढले. वजन वाढेल तसा आकडा कमी करत आठ-दहावर आणायचा. हेच सगळं गुडघा थोडा वाकवूनही करायचं, कारण पोटरीतला खोलवरचा स्नायू तेव्हाच खरं काम करतो आणि पळताना मुख्य भार तोच पेलतो. सरळ गुडघ्याचे फेरे करून वाकवलेल्या गुडघ्याचे सोडून देणारेच जास्त असतात.

स्वीडनमध्ये १९९८ साली मांडलेल्या मूळ पद्धतीत फक्त खाली उतरण्याचा भाग होता. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून पंधरा-पंधराचे तीन-तीन फेरे, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, म्हणजे रोज १८० वेळा. नोकरीधंदा सांभाळून एवढं रेटणं कठीण जातं. आठवड्यातून तीनच दिवस, पण जड वजनाने आणि सावकाश केलेल्या व्यायामाचा गुणही तेवढाच येतो, त्यामुळे माझा कल तिकडे आहे. बिघडतं कुठे? घाईघाईने वरखाली केल्याने, कठड्यावर सगळा भार टाकल्याने, आणि वर जाताना घोटा बाहेर कलून भार करंगळीकडे गेल्याने. अंगठ्याखालचा भाग पायरीवर घट्ट दाबलेला राहिला पाहिजे.

दुखणं अगदी हाडाजवळ असेल तर टाच पायरीखाली जाऊच द्यायची नाही. व्यायाम सपाट जमिनीवरच करायचा. टाच खाली गेली की शीर हाडावर दाबली जाते आणि तेच तिला सोसत नाही. भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा सगळ्यांचा आवडता व्यायाम या प्रकारात दुखणं वाढवतो. टाच टेकवून उकिडवं बसणंही काही आठवडे टाळा. त्यात भारतीय शौचालयही आलं, शक्य असेल तर कमोड वापरा. बुटात टाचेखाली एक सेंटिमीटरची पट्टी घातली की लगेच हलकं वाटतं. पट्टी दोन्ही बुटांत घालायची. बारा आठवडे ही कमीत कमी मुदत आहे, सहा महिनेही लागतात. चौथ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं अकिलीससारख्या शिरा कमकुवत करू शकतात, अगदी तुटण्यापर्यंत. साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. आपल्याकडे पोट बिघडलं की दुकानातून स्वतःच आणून या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. डॉक्टरांना सांगा की तुम्ही पळता आणि टाचेची शीर दुखते. दुसरी गोळी चालत असेल तर ते बदलून देतील. आणि अकिलीसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका.

सकाळी पहिलं पाऊल टेकवताच टाचेखाली कळ येते, चार पावलं चाललं की कमी होते, ते टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं. एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, असं हाड काहीच न दुखणाऱ्या कित्येकांच्या टाचेतही असतं. कॅल्शियमच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. घरात फरशीवर अनवाणी चालणं आधी बंद करा. मऊ पण आकार धरून ठेवणारी चप्पल घरातल्यासाठी वेगळी ठेवा आणि पलंगाशेजारीच ठेवा. व्यायाम वरचाच, फक्त पायरीवर टॉवेलची गुंडाळी ठेवून बोटं तिच्यावर टेकवायची, म्हणजे बोटं वर उचललेली राहतात आणि पट्टा ताणला जातो. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबून, तीन सेकंदांत खाली, एका दिवसाआड. गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. फिरवा, पण उपचार म्हणून तिच्यावर अवलंबून राहू नका.

मुरगळलेल्या घोट्याला पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. शेक नको, चोळणं नको, झटका देऊन ‘बसवणं’ तर मुळीच नको. आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल तर गरम करू नका आणि कातडी सोलली असेल तिथे लावू नका. तिसऱ्या दिवसापासून पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची, झेपेल तेवढं चालायचं. खरं काम यापुढे सुरू होतं आणि तेच कुणी करत नाही. दात घासताना एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, ते जमलं की भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटून. हे निदान सहा आठवडे रोज करायचं. घोट्याला तोल सांभाळायची सवय परत लावली नाही, तर तोच घोटा वर्षभरात पुन्हा मुरगळतो. कोर्टवर खेळणाऱ्यांनी काही महिने घोट्याचा ब्रेस बांधूनच उतरावं.

पळायला पुन्हा सुरुवात कधी? अर्धा तास भरभर चालून दुखत नाही, एका पायावर वीस वेळा टाच उचलता येते आणि त्याच पायावर दहा उड्या मारता येतात, तेव्हा. सुरुवात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, एका दिवसाआड. पुढे अंतर, वेग आणि चढ यांपैकी एका आठवड्यात एकच वाढवायचं, चढ सर्वात शेवटी. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. यवतेश्वरचा घाट चढताना पोटरी आणि अकिलीस भरडली जाते, आणि उतरताना मांडी आणि नडगी. चढ सोसला म्हणून उतारही सोसेल असं नाही, त्यामुळे उताराचा सराव वेगळा करायचा आणि तोही थोड्या अंतरापासून. रस्त्याच्या एकाच कडेने रोज पळत असाल तर बाजू बदला. रस्ता कडेला उतरता असतो आणि एकच घोटा सारखा कललेला राहतो.

स्पर्धा सहा आठवड्यांवर आली आणि अजून थोडं पळणं, थोडं चालणं असंच चालू असेल, तर अंतर कमी करून घ्या किंवा ती स्पर्धा सोडा. पेनकिलर घेऊन धावायला उतरू नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दुखणं झाकतात, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हा ताण आणखी वाढतो, म्हणून अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेनकिलर घेऊच नका.