दहावीला लेखनिक मिळवताना: माझा अनुभव

मी विशेष शिक्षिका आहे. दहावीच्या दिव्यांग मुलांच्या परीक्षा सवलतींच्या फायली दरवर्षी माझ्या टेबलावरून जातात. कायदा स्वच्छ आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 17 मध्ये वाढीव वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेली उत्तरं लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं नाव घेऊन लिहिलंय. घोडं अडतं ते तारखांपाशी आणि कागदांपाशी.

म्हणून मी पालकांना नववी संपतानाच बोलावते. आधी प्रमाणपत्राची मुदत बघायची. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या अडचणीचं, प्रमाणपत्र अठराच्या आतल्या मुलाला बहुधा मुदतीचंच मिळतं, आणि ते ऐन दहावीत संपलं की सरकारी रुग्णालयाची पुढची तारीख मिळेपर्यंत महिने जातात. दुसरं, मजकूर. नुसतं 'अध्ययन अक्षम' लिहिलेल्या कागदावर हमखास शंका काढली जाते. 'लेखनिक व वाढीव वेळ आवश्यक' ही शिफारस डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत घ्या. यूडीआयडीवरचं (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरचं) नाव, आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव अक्षरनअक्षर जुळवून बघा; एका वेलांटीपायी अर्ज परत आलेला मी पाहिलाय.

'दिव्यांगत्व चाळीस टक्के नाही, मग लेखनिक कसा?' हा प्रश्न शाळेच्या कार्यालयात हटकून येतो. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के आरक्षणाला 40 टक्क्यांची अट आहे. लेखनिकाचं तसं नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराच्या प्रकरणात, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 ला हे स्पष्ट केलं. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 ला केंद्राने 40 टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन्हींच्या प्रती फाईलला लावा. तोंडी वाद घालण्यात अर्थ नाही.

परीक्षेच्या आवेदनपत्रात दिव्यांगत्वाचा रकाना भरलाय ना, हे पालकांनी स्वतः डोळ्यांनी पाहावं. सवलतीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. 'पाठवलाय हो' ही पोच नव्हे.

आता लेखनिक. तो खालच्या इयत्तेतला हवा. त्याच्या शाळेचा दाखला, फोटो आणि पालकांचं संमतिपत्र लागतं. दुसरा एक राखीव ठेवा, कारण मार्चमध्ये मुलं तापाने पडतात. पण कागदांपेक्षा जास्त दुर्लक्ष होतं ते सरावाकडे. सांगून लिहून घेणं हे निराळंच कौशल्य आहे. इतिहासाचं उत्तर निभावतं. भूमितीत मूल अडखळतं. 'रेष काढ' म्हणून भागत नाही. 'रेख एबी काढ, पाच सेंटिमीटर. आता ए वर कंपास ठेव, तीन सेंटिमीटर अंतर घे, वरच्या बाजूला कंस मार' असं पायरीपायरीने बोलता यायला हवं. त्यासाठी त्याच लेखनिकासोबत निदान सहा-सात पूर्ण पेपर सोडवून घ्या. लेखनिकाचं अक्षर आणि शुद्धलेखनही तेव्हाच कळतं.

वाढीव वेळ तासाला 20 मिनिटं. म्हणजे गणित भाग एकच्या दोन तासांना 40 मिनिटं, भाषेच्या तीन तासांना पूर्ण एक तास. अकराला सुरू झालेला भाषेचा पेपर संपेस्तोवर तीन वाजून जातात. डबा-पाण्याचं केंद्रसंचालकांशी आधीच बोलून घ्या. खोली वेगळी मागा, नाहीतर बाकीची मुलं उठून गेली की बाकं सरकवण्याच्या आवाजात शेवटचा तास वाया जातो.

केंद्रावर मंजुरीपत्राच्या तीन प्रती न्या: एक केंद्रसंचालकांना, एक पर्यवेक्षकांना, एक आपल्याकडे. पर्यवेक्षक रोज बदलतात आणि वेळ झाली म्हणून उत्तरपत्रिका ओढायला येतात. तेव्हा प्रत बाकावरच असावी. तरीही अडवलं तर वेळ, खोली क्रमांक टिपून त्याच दिवशी केंद्रसंचालकांकडे लेखी तक्रार द्या, प्रत विभागीय मंडळाला. तिथे दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, आणि त्यांच्याकडे जाताना तो आवक शिक्का असलेला कागद सर्वांत वर लावायचा.