आमची वाटचाल : मिस मारणाऱ्या गाड्यांवर तगलेलं गॅरेज

आमच्या शेडच्या पाटीवर अजून ‘एलपीजी किट बसवून मिळेल’ असंच लिहिलेलं आहे. पेट्रोलची गाडी गॅसवर चालवायचं ते सामान. शेवटचं किट बसवून सहा वर्षं होत आली. दर चवथीआधी रंगकाम निघालं की पाटीचा विषय निघतो आणि नवीन काय लिहायचं यावर गाडं अडतं. बायकोचं म्हणणं, ‘गाडी मिस मारते? आत या’ एवढंच लिहा. मिस मारणं म्हणजे इंजिनाने मध्येच ठोका चुकवणं. तिला हिशेबाची वही पाठ आहे, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

गोव्यात डिचोलीला वडिलांचं खाणीच्या ट्रकचं गॅरेज होतं. पाटे (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा), हब, ब्रेक लायनर, हीच कामं. ट्रकांनी खाणीवर खनिज भरायचं, जेटीवर बार्जसाठी (मालवाहू होडीसाठी) ओतायचं आणि परत फिरायचं. जितक्या खेपा तितके पैसे, त्यामुळे ट्रक रात्री नऊला यायचा आणि पहाटे पाचला तयार हवा असायचा. मी आयटीआय करून आलो तेव्हा सहा महिने पाटेच खोलले. अंगावरची लाल धूळ आंघोळीनेही जायची नाही. मला इंजिनाचं काम हवं होतं.

मोटार वाहन कायद्यात २००० साली दुरुस्ती होऊन एलपीजीवर गाडी चालवायला परवानगी मिळाली. दोन-तीन वर्षांत ते वारं आमच्याकडे पोचलं. पुण्याला आठ दिवस प्रशिक्षण घेऊन आलो आणि २००३ च्या दसऱ्याला वडिलांच्या शेडच्या कडेला चार पत्रे वाढवून सुरुवात केली. पहिलं किट बसलं मारुती ८०० मध्ये. मागे टाकी, तिथून तांब्याची नळी, पुढे गॅस चालू-बंद करणारा सोलेनॉइड, मग गॅसचा दाब उतरवणारा रेड्युसर, तो गरम ठेवायला रेडिएटरचं पाणी, आणि कार्ब्युरेटरवर गॅस हवेत मिसळणारा मिक्सर. दोन दिवस लागले. गाडी गॅसवर पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा वडील हातातला पाना खाली ठेवून बघायला आले होते. बोलले काहीच नाहीत.

किट बसवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्यानंतर गिऱ्हाईक परत आल्यावर. “भाई, पेट्रोलार बरी चलता, गॅसार घाली म्हणटकच खोंकता.” हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! आणि या वाक्यानेच मला सुरुवातीला पुरतं फसवलं. पेट्रोलवर ठीक, गॅसवर मिस, म्हणजे दोष गॅसचा. सरळ हिशेब वाटतो. तो चुकीचा आहे हे कळायला मला चार वर्षं आणि एका मास्तरांचे पैसे लागले.

साखळी गावचे एक शिक्षक. २००७ चा जुलै. त्यांची ८०० चढणीला गॅसवर धक्के खात होती. मी हवेचा फिल्टर पाहिला, मिक्सर पाहिला, रेड्युसर उघडला. गॅसबरोबर येणारा तेलकट गाळ आत साचला होता, आतला रबरी पडदा, डायफ्रॅम, तोही थोडा कडक वाटला. झालं, सापडलं! नवीन रेड्युसर टाकला, ट्यूनिंग केलं, बिल घेतलं. चौथ्या दिवशी मास्तर पावसात भिजत दारात. गाडी केरीच्या पुढे चोर्ल्याच्या चढावर तशीच खोकत होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “मला वाटलं, तुम्हाला सापडलं होतं.”

त्या रात्री गाडी शेडमध्येच ठेवून घेतली. साडेनऊला डिचोलीत वीज गेली. इंजिन चालू, बॉनेट उघडं, बाहेर धो धो पाऊस, शेडमध्ये मिट्ट काळोख. विजेरी शोधायला वळलो आणि नजरेच्या कोपऱ्यात काहीतरी निळं हललं. परत बघितलं. दोन नंबरच्या प्लगची वायर इंजिनाच्या पत्र्याजवळून जात होती, तिथे निळसर धाग्यासारखी ठिणगी सरपटत होती. एक्सलेटर दिला की धागा जाड होई आणि त्याच क्षणी इंजिन अडखळे. वायरीचं रबर वरून धड दिसत होतं, हाताला भेगही लागत नव्हती.

सकाळी वायरींचा सेट बदलला. रेड्युसरचे पैसे मास्तरांना परत केले. नवा रेड्युसर त्यांच्या गाडीतच राहिला, काढून काय करणार?

त्याचं कारण पुढे मी शिकाऊ पोरांना असं सांगत आलो : गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये कोरडा जातो. त्या मिश्रणातून प्लगची ठिणगी उडी मारायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची वीज लागते. वायर, कॅप, रोटर, कॉइल, म्हणजे प्लगला वीज पोचवणारे भाग, यांतलं काही जरा कमजोर असेल तर पेट्रोलवर ते निभावून जातं. गॅसवर तेवढं पुरत नाही. विजेला मग प्लगची फट ओलांडण्यापेक्षा वायरीतून बाहेर पडणं सोपं जातं. चढणीला तर जास्तच, कारण लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो. म्हणजे रोग पेट्रोलच्या वेळचाच, गॅसने फक्त तो उघडा पाडला. म्हणून आमच्याकडे गॅसच्या गाडीत प्लगची फट कमी ठेवतात. कंपनीने १.१ मिलिमीटर सांगितली असेल तर आम्ही ०.८ च्या आसपास आणतो. आणि रेड्युसरचा स्क्रू सर्वांत शेवटी. पोरांचा हात आधी तिथेच जातो, कारण तो फिरवला की काहीतरी फरक पडतोच, आणि फरक पडला म्हणजे दुरुस्ती झाली असं वाटतं.

मिक्सरच्या किटमध्ये मिस मारणं नुसतं गैरसोयीचं नसतं. मिक्सरपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळी वाट गॅस आणि हवेच्या मिश्रणाने भरलेली. ठिणगी चुकीच्या वेळी पडली तर ती वाटच पेटते. एकदा माझ्या डोळ्यांसमोर एअर फिल्टरचा डबा फुटून झाकण पत्र्याला लागलं. पलीकडच्या चहावाल्याला वाटलं टायर फुटला. तेव्हापासून चालू गाडीत मिक्सरवर वाकून बघायचं नाही, हा नियम.

लाल धुळीचंही सांगतो, कारण ती आमच्या भागाची खासियत. खाणपट्ट्यातल्या गाडीचा फिल्टर बघता बघता चोंदतो. हवा कमी पडली की मिक्सरमधली ओढ वाढते आणि गॅस प्रमाणाबाहेर खेचला जातो. गाडी जड होते, झटके मारते. तीस मिनिटांचं काम. समुद्राकडच्या टॅक्सींना धुळीचा नाही, खाऱ्या हवेचा त्रास : अर्थिंगच्या टोकाला हिरवी बुरशी धरते. घासून, घट्ट करून द्यायचं. त्याचे पैसे मागायलाही लाज वाटते, पण मागतो.

धंदा २०१० पर्यंत चढता होता. कंपनीतूनच गॅसवर येणारी वॅगन आर ड्युओ २००६ ला आली, तेव्हा आता आपलं संपलं असं वाटलं होतं. उलट लोकांचा गॅसवरचा विश्वास वाढला आणि किटं जास्त बसू लागली. खरा दणका बसला २०१२ ला, तोही दुहेरी. त्या वर्षी मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला. एप्रिलपासून गोव्यात पेट्रोल लिटरमागे ११ रुपयांनी उतरलं. सगळा गोवा खूश, मीही टाकी भरून आलो. मग शेडमध्ये बसून हिशेब केला. गॅस लिटरमागे पेट्रोलपेक्षा कमी पळतो, पंप मोजके, आणि आता भावातलं अंतरही गेलं. किटचा खर्च वसूल व्हायला आधीच दीड वर्ष लागायचं, आता त्याहून जास्त कोण थांबणार? महिन्याला आठ-दहा किटं बसायची, त्याची दोन झाली. आणि सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. वडिलांच्या बाजूच्या शेडमध्ये तीन ट्रक तसेच उभे राहिले. मालकांकडे हप्ते भरायला पैसे नव्हते, दुरुस्तीचं बिल कुठून देणार? दोन मेस्त्री होते, त्यांतला एक गोव्याबाहेर कामाला गेला.

त्या दोन वर्षांत आम्हाला जगवलं ते आधी बसलेल्या किटांनी. आमच्या आणि दुसऱ्यांच्याही. नवीन किट कुणाला नको होतं, पण जुनं नीट चालायला हवं होतं.

त्यातली एक ओम्नी आठवते. टॅक्सी होती, पर्यटकांना घेऊन दिवसभर फिरणारी. मालक तीन ठिकाणी जाऊन आला होता. प्लग नवे, वायरी नव्या, कॉइल नवी, रेड्युसरही बदललेला. सकाळी गाडी मोत्यासारखी चालायची. दुपारी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, पुढे गेली की सुधारायची. मालक म्हणाला, “पात्रांव, ही काढून टाकतो आता.” मी म्हटलं, एक दिवस द्या.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलून थंड इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये बनणारा दाब, मोजलं : तिन्ही सिलिंडर १६० च्या आसपास. आधीच्या तिघांनीही इतकं केलं होतं आणि सोडून दिलं होतं. मग मी गाडी घेऊन निघालो, म्हापशापर्यंत गेलो, परत आलो आणि इंजिन भाजत असतानाच प्लग काढले. हाताला चटके, सीटखालून वाफा. पहिला १५५, दुसरा १५०, तिसरा ९५.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं, झाकण उघडून तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या) फट मोजायच्या पात्यांचा फिलर गेज लावला. सर्वांत बारीक पातीही जाईना. पेट्रोलच्या जळण्यातून व्हॉल्व्हवर आणि तो जिथे टेकतो त्या कड्यावर, सीटवर, जो थर राहतो तो गॅसवर राहत नाही. वर्षानुवर्षं गॅसवर पळवली की व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, आणि जितका रुततो तितकी वर टॅपेटची फट मिटते. इंजिन थंड असताना केसभर फट उरते म्हणून सगळं ठीक दिसतं. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, नीट बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. वेगात ते जाणवत नाही, गाडी उभी असताना, आयडलिंगला जाणवतं. टॅपेट सेट करून गाडी त्याच संध्याकाळी दिली, पण मालकाला स्पष्ट सांगितलं की हे तात्पुरतं आहे. पाच-सहा महिन्यांनी हेड उतरवलं आणि लेथवाल्याकडून तिन्ही एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या बसवून घेतल्या. ती ओम्नी पुढे कितीतरी वर्षं धावली. त्या मालकाने युनियनमधल्या गाड्या आमच्याकडे पाठवल्या, आणि त्या दोन वर्षांच्या वहीत अर्धी नावं त्याच्या ओळखीची आहेत. तेव्हापासून गॅसच्या गाडीचं टॅपेट आम्ही दर दहा हजार किलोमीटरला बघतो. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी.

कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, इंजेक्शनच्या गाड्या आल्यावर किटही बदललं. प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर आणि कॉम्प्युटर. लॅपटॉप २०१४ ला घेतला, कर्ज काढून. या गाड्यांत वेगळीच गंमत असते. गॅसचा नकाशा, म्हणजे कधी किती गॅस सोडायचा याचं कोष्टक, चुकीचा भरलेला असेल तर गाडीचा मूळ कॉम्प्युटर तो सांभाळून घेता घेता पेट्रोलचा हिशेब बिघडवून बसतो. मग पेट्रोलवर मिस आणि गॅसवर ठीक, म्हणजे उलटी तक्रार. शिवाय कित्येक जण वर्षभर पेट्रोलचं बटण दाबतच नाहीत, आणि पेट्रोलचे इंजेक्टर चिकटून बसतात. रोज दहा मिनिटं पेट्रोलवर चालवा म्हणून सांगतो, कोणी ऐकत नाही.

दोन कामांना मी नाही म्हणतो. घरगुती लाल सिलिंडरमधून गॅस भरणाऱ्याच्या गाडीला हात लावत नाही, आणि टाकीची पाच वर्षांची चाचणी चुकवलेली असेल तर आधी ती करून या म्हणतो. यात चार गिऱ्हाइकं तुटली. वडील म्हणायचे, तुटू देत.

खाणी २०१८ ला परत थांबल्या, पण तोवर ट्रकची शेड आम्ही बंद केली होती. २०२० चं टाळेबंदीचं वर्ष टॅक्सीवाल्यांबरोबर आमचंही कोरडं गेलं. आता सीएनजीच्या गाड्या येतात. पोराने त्याचं शिक्षण घेतलंय, तो ते बघतो. मिस मारण्याची कारणं तिथेही बरीचशी तीच.

हे लिहिताना शेडमध्ये थिवीची एक वॅगन आर उभी आहे. पाऊस पडला की गॅसवर खोकते. काल रात्री दिवे मालवून, वायरींवर पाण्याचा फवारा मारून मी आणि पोरगा अर्धा तास काळोखात वाकून बसलो. निळं काहीच दिसलं नाही. आज तिला म्हापशापर्यंत फिरवून आणतो आणि गरम असतानाच प्लग काढतो.