ग्रीक नावांची नोंदवही, खेप तिसरी: ‘अ‍ॅकिलीस’ची साखळी जुळली

ग्रीक पुराणातल्या देवांची आणि वीरांची नावं कोणत्या नौकांना, गावांना, कंपन्यांना मिळाली, याची ही वही. या खेपेला रकाने सातांचे नऊ झाले. नवे दोन असे: ‘नाव थेट कुठून आलं’ आणि ‘(नौकेच्या) सांगाड्यावर ते कधीपासून कधीपर्यंत होतं’. हे दोन नसले की वही फुगते, पण तिच्यातून कळत काहीच नाही. नाव शब्दकोशात सापडलं की पुढे ‘ग्रीक वीर’ लिहून मोकळं व्हायचं, ही मुळातली चूक.

पहिला रकाना एजॅक्सवर घासून पाहिला. मूळ ग्रीक रूप आयास, आणि त्या नावाचे वीर दोन: एक तेलामोनचा मुलगा, दुसरा लोक्रिसचा. कॅनडातलं एजॅक्स हे गाव १९४१ साली तोफगोळ्यांच्या कारखान्याभोवती वसलं. त्याला नाव मिळालं ते युद्धनौकेचं, म्हणून त्याचा थेट पूर्वज नौका. वीर दोन पायऱ्या मागे. अ‍ॅमस्टरडॅमचा १९०० सालचा फुटबॉल क्लब मात्र थेट वीराच्या नावाचा. वेबसाइटवाल्यांचं २००५ सालचं ‘एजॅक्स’ हे आद्याक्षरांचं कडबोळं, म्हणून बाद. पॅरिसचं एर्मेस दुकानही बाद, कारण ते संस्थापकाचं आडनाव आहे. हर्मीस देवाशी फक्त स्पेलिंग जुळतं. आणि आपल्या गावोगाव फिरलेली हर्क्युलीस सायकल? तिचा थेट पूर्वज बर्मिंगहॅमची त्याच नावाची सायकल कंपनी.

दुसऱ्या रकान्याने जास्त दमवलं. ‘विक्रांत’चा सांगाडा १९४५ साली पाण्यात उतरला तेव्हा त्याचं नाव हर्क्युलीस होतं, पण त्या नावाने ही नौका ब्रिटिश ताफ्यात कधी दाखलच झाली नाही. भारताने ती १९५७ साली अर्धवट अवस्थेत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ म्हणून दाखल झाली. म्हणून जलावतरणाची आणि दाखल झाल्याची तारीख वेगवेगळी लिहायची. एकच तारीख घातली तर कधी न झालेली सेवा तिच्या खात्यावर पडते. (हर्क्युलीस हे रोमन रूप; ग्रीक हेराक्लीस. नोंद मात्र सांगाड्यावरच्या नावानेच लावायची, ग्रीक रूप शेजारच्या रकान्यात.)

‘विराट’ची गंमत वेगळी. १९४४ साली तिचा कणा घातला तो ‘एलिफंट’ नावाने. हर्मीस नावाची दुसरी विमानवाहू नौका रद्द झाली आणि ते नाव इकडे आलं. १९५३ साली जलावतरण, १९५९ साली ताफ्यात, १९८७ साली ‘विराट’. सिलोनजवळ ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बुडवलेली हर्मीस ही नव्हे. गफलत टाळायला पेनंट नंबर (नौकेचा ओळख-क्रमांक) पाहा: बुडालेलीचा ९५, ‘विराट’ झालेलीचा आर १२.

आता अ‍ॅकिलीस. ही युद्धनौका. इंग्लंडात बर्कनहेडला १ सप्टेंबर १९३२ रोजी जलावतरण, १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाता नदीच्या मुखाशी ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी झुंज, ५ जुलै १९४८ रोजी ‘दिल्ली’ म्हणून भारतीय नौदलात. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत दीवच्या किल्ल्यावर तिने तोफा डागल्या. १९७८ साली मुंबईतच ती भंगारात निघाली.

हिच्या फोटोंच्या ओळी फार चुकीच्या असतात. आधी मागची बाजू बघा. १९३९च्या अ‍ॅकिलीसवर सहा इंची तोफांची चार जुळी टरेट (तोफांचे फिरते बुरूज) आहेत, दोन पुढे, दोन मागे. जानेवारी १९४३मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटाजवळ मागचं वरचं टरेट बॉम्बने निकामी झालं आणि पुढच्या दुरुस्तीत काढून टाकलं. म्हणून ‘दिल्ली’वर तीनच टरेट, सहा तोफा. मागे एकच टरेट दिसलं आणि खाली ‘१९३९’ लिहिलं असेल, तर ओळ चुकीची. ला प्लाताच्या लढाईवरच्या १९५६च्या चित्रपटात ‘दिल्ली’नेच अ‍ॅकिलीसचं काम केलं, त्यातली दृश्यं युद्धाचे फोटो म्हणून घेऊ नका. मागचं उरलेलं टरेट बघायचं असेल तर ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नौदल तळाशी ठेवलं आहे.

मुंबई गोदीत बांधलेल्या नौकांच्या पानावर दोन नोंदी पक्क्या: अ‍ॅम्फिट्राइट (१८१६) आणि अँड्रोमेडा (१८२९). त्रिंकोमाली (१८१७) ही लीडा वर्गातली (वर्ग म्हणजे एकाच आराखड्याच्या नौका), पण वर्गाचं नाव ग्रीक म्हणून नौका ग्रीक होत नाही. वर्गाचा रकाना वेगळाच ठेवा.

‘खलाशांच्या तोंडी’ या रकान्यात सध्या बेलेरोफोन ही ब्रिटिश युद्धनौका एकटीच. नेपोलियन १८१५ साली शरण आला तो हिच्यावर. पेगॅसस घोड्यावर बसणाऱ्या त्या वीराचं खलाशांनी करून टाकलं ‘बिली रफियन’. स्टेशनचं ठेसन करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

पुढच्या खेपेला गुरूच्या कक्षेतले लघुग्रह. सुरुवात ५८८ अ‍ॅकिलीसपासून, शोध १९०६. ग्रीक छावणी गुरूच्या पुढे आणि ट्रोजन छावणी मागे, हा नियम ठरायच्या आधीच दोन नावं देऊन झाली होती. त्यामुळे ट्रॉयचा वीर ६२४ हेक्टर ग्रीकांत आणि ग्रीक वीर ६१७ पॅट्रोक्लस ट्रोजनांत अडकून पडलेत. म्हणून छावणी नावावरून भरायची नाही, कक्षेतली जागा पाहून भरायची.