लाल निशाण खाली असेल तरच: लुलवर्थ ते किमरिज

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, लुलवर्थ कोव्हपासून किमरिजच्या उपसागरापर्यंत कड्याकड्याने जाणारी साधारण अकरा किलोमीटरची वाट आहे. 630 मैलांच्या साउथ वेस्ट कोस्ट पाथचा हा एक तुकडा. दिसायला देखणा, चढायला दमवणारा, आणि कामाच्या दिवशी बहुधा कुलूपबंद. कारण ही सगळी जमीन म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या रणगाड्यांची चांदमारी आहे. सात हजार एकरांहून जास्त. तोफा चालू असल्या की फाटकं बंद, लाल निशाणं वर. बहुतेक शनिवार-रविवार आणि मोठ्या सुट्ट्यांत वाट उघडते. "बहुतेक" हा शब्द गांभीर्याने घ्या, कारण वर्षातले काही शनिवार-रविवारही लष्कर आपल्याकडे ठेवून घेतं.

बाबा सांगलीहून आमच्याकडे रेडिंगला आले होते. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर दर रविवारी डोंगर चढतात, त्यामुळे लंडन आय आणि मेणाच्या पुतळ्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. "चालायचं कुठे ते सांग," एवढीच मागणी. म्हणून सप्टेंबरातला एक शनिवार धरला. त्याआधी संरक्षण खात्याने सरकारी संकेतस्थळावर टाकलेलं लुलवर्थच्या गोळीबाराचं वेळापत्रक पाहून घेतलं. हे पान उघडल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका. ते बदलतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा बघा. वाट बंद असेल तर आतल्या रस्त्यांनी वळसा आहे, पण तो बराच लांबचा, बराचसा डांबरी आणि समुद्र न दाखवणारा आहे. त्यापेक्षा तारीख बदला, किंवा लुलवर्थच्या पश्चिमेला डर्डल डोर या समुद्रातल्या दगडी कमानीकडे जा. ती बाजू चांदमारीच्या बाहेर आहे.

बेसिंगस्टोकला गाडी बदलून वूल स्टेशन गाठलं, तिथून टॅक्सीने लुलवर्थ कोव्ह. कोव्हच्या पूर्व टोकाला वळलं की चांदमारीचं फाटक लागतं. जाड लोखंडी फाटक, शेजारी खांबावर मोठा फलक. त्यावर लिहिलेलं थोडक्यात असं: पिवळ्या खुंट्यांच्या मधूनच चाला, जमिनीवरची कुठलीही वस्तू उचलू नका, ती फुटू शकते आणि तुमचा जीव घेऊ शकते. हे शोभेचं वाक्य नाही. शंभरेक वर्षं इथे तोफा धडाडताहेत आणि न फुटलेले गोळे अजून मातीत आहेत. खुंट्या थोड्याथोड्या अंतरावर आहेत, दिसायला सोप्या. मुलं बरोबर असतील तर हात धरून न्या, कुत्रा असेल तर दोरी सोडू नका. उतारावर गंजलेले रणगाडे दिसतात, नेम धरायला ठेवलेले. फोटोसाठी जवळ जायचा मोह होतो, पण ते खुंट्यांच्या पलीकडे आहेत. विषय संपला.

फाटकातून आत शिरल्यावर लगेच खाली फॉसिल फॉरेस्ट आहे. ज्युरासिक काळाच्या अखेरच्या, म्हणजे सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या बुंध्यांभोवती शेवाळाच्या थरांची जी कडी जमली, ती दगड होऊन राहिली आहेत. आता झाडं नाहीत, नुसती दगडी आळी आहेत. खाली उतरायच्या पायऱ्या दरडींमुळे अधूनमधून बंद असतात, तेव्हा वरूनच बघून पुढे निघा.

पुढे म्यूप बे, मग बिंडन हिलचा खडा चढ. बाबांनी तो माझ्या आधी संपवला आणि वर जाऊन पाण्याची बाटली उघडून बसले. ॲरिश मेलला वाट जवळजवळ समुद्राच्या पातळीला येते. पांढऱ्याशुभ्र खडूच्या कड्यांमधली ती चिमुकली पुळण इतकी सुंदर आहे की पाय आपोआप तिकडे वळतात. पण तिथे जायला बंदी आहे, वाट उघडी असतानासुद्धा. मग फ्लॉवर्स बॅरोचा दुसरा चढ. हा लोहयुगातला टेकडीवरचा कोट. त्याचा दक्षिणेकडचा भाग केव्हाच समुद्रात गेलाय. तटबंदीची गोलाई चालत चालत येते आणि कड्यापाशी एकदम तुटते. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले. आमच्यात जे काही गड-किल्ल्यांचं वेड आहे, ते त्यांच्याकडूनच आलंय.

इथेच दरडींचं सांगून टाकतो. या किनाऱ्यावर गोळीबाराइतकाच कड्याचाही भरवसा नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये सीटाऊन आणि ईप यांच्या दरम्यान सुमारे तीनशे मीटर लांबीचा कडा खाली आला, अंदाजे चार हजार टन. त्याआधी 2012 च्या जुलैमध्ये बर्टन ब्रॅडस्टॉकला किनाऱ्यावरून चालणारी एक तरुणी दरडीखाली गेली. त्यामुळे कड्यालगतच्या वाटेवर फळ्या ठोकून "बंद" लिहिलेलं असेल, तर शेजारच्या गवतातून लोकांच्या पावलांनी पडलेली चोरवाट कितीही मळलेली दिसली तरी तिकडे जाऊ नका. ज्याच्या पायाखालून वाट गेली तो परत सांगायला येत नाही.

वरबॅरो बेला उतरल्यावर समुद्र सोडून आत वळा आणि टाइनम गाव बघा. पाऊण तासाचा वळसा पडेल, पण तो चुकवू नका. 1943 च्या डिसेंबरात, युरोपवरच्या चढाईची तयारी चालली होती तेव्हा, लष्कराने हे गाव रिकामं करायला सांगितलं. सव्वादोनशे माणसं होती. तात्पुरतं, युद्धापुरतं, असं ते समजून चालले होते. निघताना चर्चच्या दाराला एक चिठ्ठी लावली होती: चर्च आणि घरं नीट सांभाळा, आम्ही एक दिवस परत येऊ. 1948 साली सरकारने जमीन सक्तीने संपादित केली आणि कोणी परत आलं नाही. घरांच्या भिंती उभ्या आहेत, छपरं नाहीत. चर्च आणि शाळा मात्र नीट राखलीत. 1973 साली लॉर्ड न्यूजंट यांच्या समितीने ही चांदमारी हलवावी अशी शिफारस केली होती. सरकारने ती मानली नाही, पण त्या दशकात लोकांच्या रेट्यामुळे वाटा जास्त दिवस खुल्या होऊ लागल्या. आपण शनिवारी चालू शकतो ते त्या भांडणामुळे.

बाबा शाळेतून बाहेर आले आणि म्हणाले, "कोयनेच्या लोकांनाही असंच सांगितलं असेल काहीतरी." मग डबा उघडला. दशम्या, लसणाची चटणी, काकडी. इथे खायला-प्यायला काही मिळत नाही, हे लक्षात ठेवा. लुलवर्थपासून किमरिजपर्यंत दुकान नाही, वाटेत पाणी नाही, सावली तर अजिबातच नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

टाइनमनंतर गॅड क्लिफच्या माथ्यावरून, टाइनम कॅपला वळसा घालून वाट किमरिजला उतरते. पूर्वेच्या फाटकाजवळ तेलाची विहीर आहे, 1959 मध्ये खणलेली. तिचा पंप मान वरखाली करत असतो. चांदमारी संपली, पिवळ्या खुंट्या संपल्या. वेळ असेल तर गावातलं एचेस कलेक्शन हे जीवाश्मांचं संग्रहालय बघा. आम्हाला वेळ नव्हता. किमरिजहून सोयीची बस नाही, त्यामुळे आणखी आठेक किलोमीटर चालून कॉर्फ कॅसल गाठायचं आणि तिथून बसने वेअरम स्टेशन, असा बेत होता.

खरी गंमत याच शेतांमधल्या टप्प्यात झाली. एका ओढ्यापाशी पाऊलवाटेवर प्लास्टिकचे आडवे कठडे, आणि खांबाला केबल टायने बांधलेला लॅमिनेट केलेला कागद. मी नकाशा काढेपर्यंत बाबांनी चष्मा चढवला होता. जन्मभर नोटिसा काढलेला माणूस. "जावक क्रमांक कुठाय? हां, हा बघ. कलम आहे. कुठून कुठे ते आहे. कारण: साकव दुरुस्ती. पर्यायी मार्गाचा नकाशा जोडलाय. अरे, फर्स्टक्लास नोटीस आहे." कागदावर दोन तारखा होत्या. एक काम संपण्याची अंदाजे, दुसरी आदेशाची कमाल मुदत. पहिली उलटून गेली होती, दुसरीला बरेच आठवडे बाकी होते. काम अर्थातच अपुरं. नकाशात दाखवलेल्या गल्लीवजा रस्त्याने गेलो, वीसेक मिनिटं जास्त लागली.

या नोटिसा कशा वाचायच्या, ते आपल्या मंडळींना सहसा कोणी सांगत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक पाऊलवाट कायद्याने रस्ताच असते, मग ती कोणाच्या का शेतातून जाईना. काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाकडे, तिचा अधिकृत नकाशा असतो. बाबांच्या भाषेत, "आपला तहसीलातला गाव नकाशा, फक्त इथे लोक तो बघतात." त्यामुळे ती तात्पुरती बंद करायची तर काउन्सिललाच आदेश काढावा लागतो, 1984 च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या 14 व्या कलमाखाली. निदान सात दिवस आधी सूचना द्यावी लागते. पाऊलवाट, घोडेस्वारांची ब्रिडलवे किंवा सर्व वाहनांना खुली बायवे असेल तर असा आदेश सहा महिन्यांपर्यंत चालतो. पुढे वाढवायचा तर मंत्र्यांची मंजुरी लागते. झाड पडलं, पूल वाहून गेला असा धोका असेल तर आधी न सांगताही बंद करता येतं, पण ती तातडीची नोटीस एकवीस दिवसांची. असा आदेश मोडणं हा गुन्हा आहे, दंड होऊ शकतो.

उलट बाजूही तितकीच खरी. शेतकऱ्याने घरच्या पुठ्ठ्यावर "वाट बंद" लिहून टांगलं, तर त्याला काही अर्थ नाही. आदेशाचा कागद नसेल तर वाट खुली आहे. वाद घालत बसू नका, पाटीचा फोटो आणि ग्रिड रेफरन्स (नकाशावरची नेमकी जागा सांगणारे आकडे) काउन्सिलच्या वाटांच्या विभागाला पाठवा. बहुतेक काउन्सिलांचे ऑनलाइन फॉर्म आहेत. शेताच्या मधून जाणारी पाऊलवाट पेरणीसाठी नांगरायची मुभा शेतकऱ्याला आहे, पण चौदा दिवसांत ती निदान एक मीटर रुंद पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. बांधालगतची वाट नांगरायची मुभाच नाही. पिकातून पायवाट दिसत नाही म्हणून ती नाही, असं समजू नका.

नोटिशीच्या डोक्यावर "प्रस्तावित" लिहिलं असेल तर वाट अजून बंद झालेली नाही. कायमची हलवायचा किंवा मिटवायचा विचार चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. हरकत घ्यायला निदान अठ्ठावीस दिवस मिळतात. आणि काही वाटा मालकाने खुशीने दिलेल्या असतात, त्यांना परमिसिव्ह म्हणतात. त्या तो हवं तेव्हा बंद करू शकतो, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. माळरानांवर 2000 च्या कायद्याने मोकळं फिरता येतं, ते मालक वर्षाला अठ्ठावीस दिवसांपर्यंत थांबवू शकतो. पण त्या माळावरून सार्वजनिक पाऊलवाट जात असेल तर ती या बंदीत येत नाही. हा बारकावा पाटी लावणाऱ्यांनाही कधीकधी माहीत नसतो.

सगळीच बंदी अशी एकेका ओढ्यापुरती नसते. 2001 च्या फेब्रुवारीत लाळ्या खुरकूत पसरली तेव्हा देशभरातल्या वाटा जवळजवळ एका फटक्यात बंद झाल्या होत्या. साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. इथले जुने चालणारे आजही गोठ्याजवळच्या फाटकाला हात लावताना बूट पुसतात, ते त्यामुळेच. तुम्हीही गुराढोरांच्या शेतातलं फाटक जसं होतं तसं ठेवा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

तुम्हाला किनारा नको असेल आणि अशीच लष्करी वाट हवी असेल, तर सॉल्झबरी प्लेनवरचं इम्बर गाव आहे. तेही 1943 च्या डिसेंबरातच उठवलं. ते वर्षातून मोजके दिवसच उघडतं आणि आजूबाजूच्या बायवे लाल निशाण दिसलं की बंद होतात. ओएसच्या, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या, नकाशावर अशा जागी तांबड्या अक्षरांत "डेंजर एरिया" छापलेलं असतं. तात्पुरती बंदी मात्र छापील नकाशावर कधीच दिसत नाही. ॲपवर हिरवी तुटक रेघ आहे म्हणून वाट चालू असेलच, असं नाही. काउन्सिलच्या संकेतस्थळावर तात्पुरत्या बंद वाटांची यादी असते, आणि नॅशनल ट्रेल्सच्या पानावर त्या-त्या वाटेचे वळसे.

लुलवर्थला जाणाऱ्यांसाठी एवढंच राहिलं: पश्चिमेकडून पूर्वेकडे चाला, म्हणजे सर्वात अवघड चढ पाय ताजे असताना होतात. टाइनमचं फाटक संध्याकाळी लावतात, त्यामुळे तिथे गाडी ठेवणार असाल तर वेळ विचारून ठेवा. कॉर्फहून वेअरमला जाणाऱ्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच कागदावर लिहून घ्या. वरबॅरोच्या आसपास मोबाइलला रेंज नव्हती.